भिंत कुणाची, रंग कुणाचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय: भिंतीवरचं लिखाण आणि चित्रं. बरीच पत्रं एकाच धर्तीची होती, त्यातली सात निवडली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा कला महाविद्यालयात शिकतो. रस्त्यात कुठेही स्प्रेने रंगवलेलं दिसलं की तो त्याला कला म्हणतो. मला ती धडधडीत नासधूस वाटते. रोज जेवताना वाद होतो. एकदाचा निकाल लावा.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: तुम्ही दोघं एकाच भिंतीसमोर उभे राहून दोन निराळ्या प्रश्नांवर भांडताय. चित्र जमलंय का, हा मुलाचा प्रश्न. भिंतीला हात लावायची मुभा होती का, हा तुमचा. पहिल्याचं उत्तर काहीही आलं तरी दुसऱ्याचं बदलत नाही.

आधी प्रकार लक्षात घ्या. टॅग म्हणजे एका रंगात, काही सेकंदांत केलेली सही. थ्रो-अप म्हणजे फुगीर अक्षरं, बहुधा दोन रंग, पाच-दहा मिनिटांचं काम. पीस म्हणजे अनेक रंगांचं, छायाप्रकाशाचा विचार केलेलं, कित्येक तासांचं काम. न्यूयॉर्कमध्ये 'टाकी १८३' अशी सही शहरभर करत सुटलेल्या मुलाची बातमी २१ जुलै १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली आणि त्याचं पाहून शेकडो पोरांनी मार्कर उचलले. त्या सहीत चित्रकलेपेक्षा हजेरी लावणं जास्त होतं. 'मी इथे येऊन गेलो' यापलीकडे टॅगला काही म्हणायचं नसतं. म्हणून टॅगला कला म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पीसला मात्र खुशाल म्हणावं, विनापरवानगी केलेला असला तरी.

कायदा या फरकात पडत नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४, म्हणजे जुन्या भाषेत 'आगळीक'. त्यात नुकसान वाढेल तशी शिक्षा वाढते: वीस हजार ते लाखाच्या आतलं नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद मेट्रोचे डबे रंगवल्याबद्दल चार इटालियन नागरिकांना अटक झाली. अक्षरं किती सफाईदार आहेत हे कुणी पाहत बसलं नाही.

उलट उदाहरणही मुलाला सांगा, म्हणजे वाद बरोबरीचा होईल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाच्या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं रंगवल्या जात होत्या. मालकाला तिथे टॉवर बांधायचे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग मारला. इमारत प्रत्यक्षात पडली ती त्यानंतर सुमारे दहा महिन्यांनी. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने २१ चित्रकारांना ४५ कामांबद्दल ६७ लाख ५० हजार डॉलर द्यायला लावले. पाडकामाची वेळ येईपर्यंत मालक थांबला असता तर एवढी रक्कम लावली नसती, असंही न्यायाधीशांनी नोंदवलं. म्हणजे भिंत मालकाची होती, पण चित्रावर चित्रकाराचाही हक्क होता, आणि तो टिकला तो सुरुवातीच्या संमतीच्या जोरावर.

आपल्याकडे वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवरचे दादासाहेब फाळके (२०१४) किंवा दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या सरकारी घरांच्या भिंती, ही सगळी परवानगीची कामं. मुलगा त्यांनाही ग्राफिटी (म्हणजे न विचारता भिंतीवर केलेलं लिखाण-चित्रं) म्हणत असेल तर त्या शब्दापुरतं त्याला टोका. रात्री डबे रंगवणारे या कामांना आपल्यातली मानत नाहीत.

प्रश्न: अजिंठ्यात इंग्रज अधिकाऱ्याने नाव कोरलं ते गाइड कौतुकाने दाखवतो. आमच्या पोरांनी कोरलं की गुन्हा. हा दुटप्पीपणा नाही का?
— शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: कौतुक गाइडचं आहे, पुरातत्त्व खात्याचं नव्हे. त्या अधिकाऱ्याने, जॉन स्मिथने, २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर ओरबाडलं, तेही रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर. आज ते डोळ्यांच्या पातळीपेक्षा बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माणूसभर गाळ आणि राडारोडा साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. त्या सहीचा इतिहासाला उपयोग एवढाच: त्या दिवशी तो तिथे होता आणि जमीन तेवढी वर होती. त्यासाठी गेलेला रंग परत येत नाही.

याहून जुनं उदाहरण मुंबईच्या कान्हेरीत आहे. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ सालचे. भेटीला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि तारखा लिहून ठेवल्या आहेत. पश्चिम भारतातल्या पारशांच्या वस्तीचा तो मोलाचा पुरावा मानला जातो. म्हणजे जुनं ओरखडलेलं कधीकधी दस्तऐवज होतं, हे खरंच. पण तेव्हा हजार वर्षांत चार जण लिहून गेले. आता एका रविवारी हजार माणसं येतात, आणि त्यांची नावं-तारखा जपायला फोन, आधार आणि फेसबुक आहे. भिंतीवाचून त्यांची नोंद राहणार नाही अशी स्थिती नाही.

केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे. कलम ३० प्रमाणे विद्रूपीकरणाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीआधी हेच तीन महिने आणि पाच हजार होतं. स्मिथच्या काळात असा कायदाच नव्हता, एवढाच काय तो दुटप्पीपणा.

प्रश्न: आमचा गट गडांवर स्वच्छता मोहिमा करतो. दरवाजाच्या दगडांवर ऑइलपेंटने लिहिलेली नावं, बदाम, मंडळांची नावं काढायची आहेत. थिनर, तारेचा ब्रश आणि ॲसिड घेऊन जाणार आहोत. किती लिटर लागेल?
— गडप्रेमी, सातारा

उत्तर: शून्य. तिन्ही वस्तू घरी ठेवा.

ॲसिड म्हणजे बाथरूम धुवायचं हायड्रोक्लोरिक. दगडांमधला सांधा चुन्याचा असतो आणि ॲसिड चुना खातं. रंग निघायच्या आत सांधा फेसाळून निघतो. मागे राहिलेले क्षार दगडात मुरतात, सुकताना त्यांचे खडे होतात आणि वर्ष-दोन वर्षांत दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. तारेच्या ब्रशची तुटकी टोकं दगडाच्या बारीक छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसात तांबडे ओघळ उतरतात. थिनरचं वेगळंच. जुना ऑइलपेंट वाळून इतका घट्ट झालेला असतो की थिनरने तो पुरता विरघळत नाही, वरचा थर तेवढा चिकट होतो. तो पातळ रंग दगड आत शोषून घेतो. नाव पुसट होतं, पण त्याची सावली कायमची बसते. आपला काळा पाषाण सगळीकडे सारखा घट्ट नसतो, काही थरांत तो जाळीदार असतो. कोकणातला जांभा तर स्पंजासारखा पितो. ग्राइंडर लावला तर नावाच्या जागी फिकट, खोलगट पट्टा उरतो, जो नावापेक्षा लांबून दिसतो. प्रेशरचं पाणीही नको, सांध्यातला चुना वाहून जातो.

तज्ज्ञ संवर्धक काय करतात ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी चाचणी घेतात. रंग मऊ करणारं द्रावण जेलच्या रूपात, किंवा कागदाच्या लगद्यात नाहीतर केओलिन मातीत कालवून सुमारे एक सेंटिमीटर जाड लिंपतात. वर प्लास्टिक लावतात, म्हणजे ते लगेच उडून जात नाही. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत ठेवतात. रंग दगडात उतरण्याऐवजी लगद्यात ओढला जातो, ही त्यातली मेख. मग लाकडी पट्टीने लिंपण अलगद काढतात, स्पंज आणि साध्या पाण्याने पुसतात. हे दोन-तीनदा करावं लागतं. दरवाजाच्या एका दगडाला अख्खा दिवस जातो.

आणि तेही परवानगीनेच. संरक्षित गडावर परवानगीशिवाय केलेली सफाई तुमच्यावरच शेकू शकते, हेतू चांगला होता एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. आधी गड कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. रायगड, लोहगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग केंद्राकडे. राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. (हे सगळे २०२५ च्या जागतिक वारशाच्या यादीतले आहेत, त्यामुळे पत्राला दाद मिळण्याची शक्यता जरा बरी.) तुमच्या गटाने करण्यासारखं काम म्हणजे नोंद. प्रत्येक लिखाणाचा समोरून एक आणि लांबून एक फोटो, शेजारी फूटपट्टी, तारीख, जागेचं वर्णन: 'दुसरा दरवाजा, डावा बुरूज, जमिनीपासून चार फूट'. लिखाण खडूचं, कोळशाचं, रंगाचं की कोरलेलं, तेही लिहा. अशी यादी जोडून लेखी मागणी करा आणि पोच घ्या. कोरलेल्या अक्षरांना मात्र इलाज नाही. ती सिमेंटने बुजवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

प्रश्न: सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवर रात्रीतून कुणीतरी लाल स्प्रेने नाव लिहिलं. रंगाऱ्याने वरून दोन हात मारले, तरी आठवड्याने लाल पुन्हा वर आलं!
— सचिव, डोंबिवली

उत्तर: येणारच. स्प्रे आणि मार्करमधले काही रंग पाण्याच्या रंगात पुन्हा ओले होऊन वर झिरपतात. लाल आणि जांभळा सगळ्यात खोडसाळ. तिसरा, चौथा हात मारून उपयोग नाही, मध्ये अडसर हवा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तकाकी मोडा, धूळ झटका, डाग अडवणारा प्रायमर (दुकानात स्टेन-ब्लॉकर मागा) एक हात, पूर्ण वाळू द्या, मग बाहेरच्या कामाचं इमल्शन दोन हात. नावापुरतं रंगवलंत तर ठिगळ दिसतं आणि पुढच्याला ती आयती चौकट मिळते, म्हणून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचा सगळा पट्टा घ्या. इमल्शनच्या भिंतीवर थिनर घासू नका, खालचा रंगही विरघळून लाल चिखल होतो. काचेवर थिनर आणि ब्लेड चालतं. ॲक्रिलिकच्या पाटीवर थिनर लागला तर ती धुरकट होते.

बाजारात ग्राफिटीविरोधी लेप मिळतात. मेणासारखा लेप लिखाणासकट गरम पाण्याने निघतो आणि प्रत्येक वेळी नव्याने लावावा लागतो. दोन डबे एकत्र कालवून लावायचा पॉलियुरेथेनचा लेप टिकतो, पण ओल धरणाऱ्या भिंतीवर तो लावू नका. आतली वाफ बाहेर पडत नाही आणि फोड येतात. डोंबिवलीच्या पावसात आम्ही तो पैसा वाचवू.

खरा उपाय वेगाचा आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८४ पासून नियम केला: स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला, तर साफ झाल्याशिवाय रुळावर आणायचा नाही. आपलं नाव धावताना दिसत नाही म्हटल्यावर पोरांचा रस संपला. मे १९८९ मध्ये शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून गेली. तुम्हीही दुसऱ्या दिवशीच पुसा. आधी फोटो काढून ठेवा, तक्रार करायची झाली तर तो लागेल.

प्रश्न: शाळेच्या कुंपणाची भिंत, ४० फूट लांब, ६ फूट उंच. सातवी-आठवीच्या मुलांकडून चित्र काढून घ्यायचं आहे. साहित्य, क्रम आणि परवानगी सांगा.
— मुख्याध्यापिका, सांगली जिल्हा

उत्तर: परवानगीपासून सुरू करू. भिंत शाळेची असली तरी बाहेरची बाजू रस्त्याला दिसते. संस्थेचा ठराव आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला चित्राच्या कच्च्या आराखड्यासह पत्र, पोच फाइलला. रंगाचा खर्च देणारा दुकानदार आपलं नाव लिहा म्हणेल. तसं केलंत तर चित्राची जाहिरात होते आणि जाहिरातीचे नियम, शुल्क सगळं मागे लागतं. त्याचे आभार स्नेहसंमेलनात माना.

वेळ: नोव्हेंबरनंतर. नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा. जुन्या भिंतीची ओल बघायला दोन फुटी पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस-रात्र चिकटवून ठेवा. आतून पाणी सुटलं तर अजून थांबा. भिंतीच्या माथ्यावर भेगा असतील तर आधी त्या बुजवा. चित्रं वरून आणि खालून खराब होतात, मधून क्वचितच: वरून पाणी उतरतं, खालून लोणा (ओलीबरोबर येणारे क्षार) चढतो. म्हणून खालचा एक फूट चित्रात धरूच नका. गडद करडा किंवा गेरूचा साधा पट्टा ठेवा, पावसाचा चिखल त्यावर उडेल आणि दर वर्षी तेवढाच रंगवता येईल.

तयारी: जुना चुना पत्र्याने खरवडून काढा. चुन्यावर मारलेला रंग चुन्यासकट सोलून येतो, शाळांच्या भिंतींवर सर्वांत जास्त घडणारी चूक हीच. लोण्याची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलीत तर ती पुन्हा आत मुरते. खड्ड्यांत बाहेरच्या कामाची लांबी (पुट्टी) भरा, घासा.

हिशोब: क्षेत्र २४० चौरस फूट. खरबरीत गिलाव्यावर प्रायमरचा एक हात लिटरला ८०-१०० चौरस फूट पुरतो, म्हणजे ३ लिटर. पार्श्वभूमीचं इमल्शन दोन हातांना लिटरला ४५-५० चौरस फूट, म्हणजे ५ लिटर. चित्रासाठी चार मुख्य रंग एकेक लिटर, बाकीचे छोट्या डब्यांत. रंगछटा करायच्या बाटल्या स्वस्त म्हणून पांढऱ्यात ओतत सुटू नका. लिटरला ३०-४० मिलीच्या पुढे गेलात तर रंग हाताला सुटतो. पश्चिमेच्या उन्हात लालभडक आणि लिंबू पिवळा दोन वर्षांत विटतात, गेरू आणि मातकट पिवळा टिकतात. आराखडा ठरवतानाच हे डोक्यात असू द्या.

आराखडा चढवणं: सूत मारून एक फुटाचे चौकोन पाडता येतात, पण मुलं चौकोन मोजण्यात चुकतात. सोपी युक्ती अशी: पार्श्वभूमी वाळली की मुलांना फिकट रंगाने भिंतभर अक्षरं, फुल्या, गोल, हवं ते गिरबटू द्या. त्याचा समोरून फोटो काढा, फोनवर त्यावर आराखडा अर्धपारदर्शक ठेवा. आता चिमणीची चोच 'क' च्या शेपटीजवळ आणि डोळा तिसऱ्या फुलीवर, असं बघत रेघा काढायच्या. मोजपट्टी लागत नाही आणि गिरबटण पुढे रंगाखाली जातं. मुलांना भिंतीवर हवं तसं गिरबटायची अधिकृत संधी मिळते, हा वरचा फायदा.

एका वेळी तीन फुटांना एक मूल, म्हणजे बारा-तेरा जण. बाकीचे पाणी, ब्रश धुणं, रंग ढवळणं यांवर. पाच फुटांच्या वर मोठ्यांनीच जावं, स्टुलावर मुलं नकोत.

स्प्रे मुलांच्या हातात देऊ नका. त्यातली वाफ कापडी मास्क किंवा एन-९५ अडवत नाही, ते थेंब तेवढे अडवतात. त्याला सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क लागतो. चित्रकलेच्या शिक्षकांना शेवटचा हात स्प्रेने द्यायचा असेल तर ४०० मिलीचा कॅन साधारण १५-२० चौरस फूट जातो. आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलवायचा, भिंतीपासून १५-२० सेंटिमीटर. जवळ धरला किंवा हात रेंगाळला की ओघळ, लांब धरला की वाऱ्याने भुरभुर. संपल्यावर कॅन उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा, नाहीतर टोपी दुसऱ्या दिवशी बंद.

प्रश्न: जिन्यात देवांच्या फरशा लावल्या तरी पिंका थांबत नाहीत. चित्र काढल्याने थांबतील का?
— रहिवासी, गिरगाव

उत्तर: काही अंशी. थुंकणारा आधीच घाण असलेला कोपरा निवडतो, तो कोपरा उजेडात आणि देखणा आला की बराच फरक पडतो. पण दिवा नसलेल्या वळणावर देवही हरतात, चित्राची काय कथा. आधी बल्ब लावा. चित्र काढलंत तर जमिनीपासून तीन फूट धुता येईल असा चकचकीत रंग ठेवा. आणि पिंक वाळायच्या आत पुसायचं काम कुणाचं, ते ठरवून टाका.

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या भिंतीवरच्या मोठ्या चित्राचा फोटो दुकानाच्या कॅलेंडरवर छापायचा आहे. चित्र रस्त्यावर आहे, मग ते सगळ्यांचं नाही का?
— व्यापारी, नाशिक

उत्तर: बघायला सगळ्यांचं, छापायला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो छापायची मोकळीक देतं. चित्राचा त्या उपकलमात समावेश नाही. सिनेमाच्या दृश्यात चित्र दिसलं तर चालतं, ते वेगळं उपकलम. एका विमा कंपनीने मुंबईतलं भित्तिचित्र जाहिरातीत वापरलं, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते व्यावसायिक वापराचं प्रकरण मानून समाजमाध्यमांवरून काढायला लावलं.

परवानगी कुणाकडून घ्यायची, ते चित्र कसं काढलं गेलं यावर ठरतं. कुणी पैसे मोजून काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. चित्रकाराने फुकट, हौसेने काढलं असेल तर हक्क त्याचा. पैसे घेतले असले तरी चित्राची मोडतोड करून आपली बदनामी होऊ न देण्याचा हक्क (कलम ५७) चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे फोटोतल्या चेहऱ्यावर दुकानाचा फोन नंबर छापायचा बेत असेल तर तो सोडा. पत्रात चार गोष्टी लिहून घ्या: कॅलेंडरच्या प्रती किती, साल कोणतं, मोबदला किती, आणि चित्राखाली चित्रकाराचं नाव कोणत्या आकारात. भिंतमालकाचं ना-हरकत पत्र जोडलंत तर बरं, पण ते चित्रकाराच्या सहीच्या जागी चालणार नाही.